पांढऱ्या पट्ट्याखालचं नाव

भिंतीवर चित्र दिसलं की उपायुक्त खर्डेकर त्यावर पांढरा रंग फिरवायला लावत. काढणाऱ्याला चौकीत बसवत, ते वेगळंच. पण पुढे लोक तसल्याच चित्रांपाशी फोटो काढायला परगावाहून येऊ लागले, तसं साहेबांचं मन एकाएकी रसिक झालं. त्यांनी चित्रकार हेमाला बोलावून फर्मावलं, "घाटाच्या भिंतीवर शहरातल्या भिंतचित्रांचा इतिहास काढ. उद्घाटन मी करणार."

उद्घाटनाच्या दिवशी साहेबांची माणसं सवयीने पांढऱ्या रंगाच्या बादल्या घेऊनच आली होती.

पडदा सरकला. सिनेमाची जुनी पोस्टरं, शाळेच्या भिंतीवरची मुळाक्षरं, मग एकदम लांबलचक पांढराफटक पट्टा आणि त्यापुढे आजची रंगीत चित्रं.

"ही जागा मोकळी का सोडलीस?" साहेब गरजले.

हेमा म्हणाली, "मोकळी नाही, साहेब. त्या वर्षांत शहरभर तुमचंच काम होतं. म्हणून खाली नावही तुमचंच घातलंय."

कोपऱ्यात खरोखरच सुबक अक्षरात 'खर्डेकर' लिहिलं होतं. गर्दीत खसखस पिकली.

"पुसा सगळं! अख्खी भिंत पांढरी करा!"

बादल्या पुढे सरकल्या. हेमा बाजूला होत म्हणाली, "करा ना साहेब. फक्त मग नाव मधोमध, मोठ्या अक्षरात घालावं लागेल. एवढी मोठी भिंत, सगळी तुमच्या एकट्याच्या हातची!"

साहेबांनी बादल्यांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.