कमरेखालची भूल

"पूर्ण भूल दिली असती तर आई ताळ्यावर राहिली असती का, सर?"

 वॉर्डाच्या दारातून नेवगी सर खाटेकडे बघत होते.

डॉक्टर जयवंत मुळीक एरवी कुणाला असं विचारणारा माणूस नव्हे. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की कमरेखालचीच भूल द्यायची, म्हणजे डोकं शाबूत राहतं, हे तो जिथे तिथे ठासून सांगे. आई न्हाणीत घसरून पडली, तेव्हा सोबतचे डॉक्टर म्हणाले, घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये. यानं कुणाचं ऐकलं तर शपथ! आईला दुसऱ्याचा हात लागू देणार नाही म्हणाला.

ऑपरेशन झकास झालं. आणि आई बरळायला लागली, ती थांबेचना. शेवटी, ज्यांच्या हाताखाली तो भूल द्यायला शिकला त्या म्हाताऱ्या सरांना त्यानं बोलावून घेतलं.

"सांगा ना सर. माझं चुकलं?"

"आता म्हणतात, दोन्हीत फारसा फरक नाही."

"मग असं का झालं?"

"वय आहे. दुखणं आहे... ठाऊक नाही, जयवंत."

जयवंतचा धीरच सुटला. सरांनीच हात टेकले, तर आता विचारायचं कुणाला?

"काय बरळते?"

"तात्या गेले म्हणते."

तात्या म्हणजे जयवंतचे वडील. खाटेशेजारी स्टुलावर बसून होते, धडधाकट.

"समोर बसलेत तरी ओळखत नाही, सर. पाहुणे आलेत, चहा टाका म्हणते."

सरांनी आईच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं.

"आत नेलंस तेव्हा जागी होती?"

"पूर्ण जागी. तेच तर..."

"बांगड्या?"

"काचेच्या होत्या. हात सुजलेला, निघेनात. सिस्टरनं फोडून काढल्या. नियमच आहे."

"मंगळसूत्र?"

"काढून माझ्याकडे दिलं."

"कुंकू?"

"तोंड पुसून घेतात सर, सगळ्यांचंच."

"तात्या कुठे होते?"

"बाहेर. आत आम्ही कुणाला..."

वाक्य तिथेच अडलं. किती आयाबायांना त्यानं आजवर असंच आत घेतलं होतं!  तो धावतच खाटेशी गेला. खिशातली पुडी उलगडून त्यानं मंगळसूत्र आईच्या गळ्यात घातलं.

आईनं ते चाचपलं. मग हळूच डोक्यावरून काढून त्याच्या हातात ठेवलं.

"आता कशाला रं हे? थट्टा करतूस?"

 सगळी विद्या असून आईपुढे जयवंत आंधळ्यासारखा उभा होता.

सरांनी चपला काढल्या. खाटेपाशी आले आणि खाली फरशीवर मांडी घालून बसले, मान खाली घालून, दुखवट्याच्या समाचाराला आल्यासारखे.

"कधी झालं, वहिनी?"

"मला आत नेलं न् तेवढ्यात. मला कुणी बोललं बी न्हाई."

तात्या स्टुलावरून उठले. गुडघ्यावर हात टेकत टेकत तेही सरांच्या शेजारी फरशीवर बसले. 

"त्रास झाला का हो त्यांना?" तात्यांनी विचारलं.

आईनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"पाव्हणं, तुम्ही वळखत हुता व्हय त्यांस्नी?"

"व्हय... थोडंसं."

तशी आईला हुंदका फुटला. तात्याही रडू लागले. दोघं एकाच माणसासाठी रडत होते.

जयवंतला ते बघवेना. तो ओरडलाच, "सर, हे काय चालवलंय तुम्ही? तात्या जिवंत आहेत!"

सरांनी मान वर केली नाही.

"बस खाली, जयवंत. तुझे वडील गेलेत."