दुसरी वैदर्भी

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या दारी एक व्यापारी आला आणि उंबऱ्याशीच कोसळला. त्याची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची वैदर्भी, नदीत बुडाली होती. तिच्या देहातल्या काही पेशी त्याने जतन करून ठेवल्या होत्या. आचार्य जीवशास्त्राचे जाणकार. एका पेशीपासून मूळ देहासारखाच देह घडवण्याची विद्या त्यांना अवगत होती.

"माझी मुलगी मला परत द्या," व्यापारी हात जोडून म्हणाला.

"मूल जन्माला घालता येईल, शेठजी. गेलेली मुलगी परत आणता येणार नाही," आचार्य म्हणाले, आणि त्यांनी नकार दिला.

त्यांच्या शिष्याला हा नकार निष्ठुर वाटला. विद्येत तो गुरूंच्या तोडीचा झाला होता. त्याच्या मनात करुणा अधिक होती की अभिमान, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. गुरूंना न सांगता त्याने ते काम अंगावर घेतलं. यथाकाल व्यापाऱ्याच्या पत्नीच्या पोटी मुलगी जन्मली. तेच डोळे, तीच हनुवटी. व्यापाऱ्याने गावभर पेढे वाटले आणि नावही तेच ठेवलं.

काही वर्षांनी शिष्य आपल्या हातचं यश पाहायला त्या घरी गेला. मुलगी जेवायला बसली होती. तिचा उजवा हात रेशमी पट्ट्याने कमरेशी बांधलेला होता. डाव्या हाताने ती भात कालवत होती आणि निम्मा ताटाबाहेर सांडत होता.

"हात का बांधलाय, बाळ?"

"मी डावखुरी होते ना," ती हलकेच म्हणाली. "मला आठवत नाही, पण बाबांना आठवतं. हात बांधला की मलाही आठवेल, असं म्हणतात ते." मग दाराकडे एक नजर टाकून तिने विचारलं, "नाहीच आठवलं, तर तुम्ही अजून एक वैदर्भी करणार का?"

शिष्य तडक गुरूंकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मूठभर काळे तीळ घेऊन आचार्य शिष्यासह व्यापाऱ्याच्या घरी निघाले.

"शेठजी, नदीवर चला. तुमच्या मुलीला तिलांजली द्यायची राहिली आहे."

व्यापारी संतापला. "जित्याजागत्या पोरीला तिलांजली? ही काय समोर बसली आहे माझी वैदर्भी!"

शिष्यही चपापला. गुरू असं अभद्र का बोलतात, हे त्याला कळेना. तेवढ्यात मुलीची आई पुढे आली आणि तिने ओंजळ पसरली.

"मला द्या ते तीळ. इतकी वर्षं यांनी मला रडूही दिलं नाही."

आचार्यांनी तिच्या ओंजळीत तीळ घातले. मग ते म्हणाले, "शेठजी, जी बुडाली तिच्यासाठी या घरात कुणी रडलं नाही, कारण ती परत आली असं तुम्ही ठरवलंत. जी जन्मली तिच्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही, कारण ती आधीचीच आहे असं ठरवलंत. जुळी भावंडं दिसायला एकसारखी असतात, म्हणून एक गेलं तर आई दुसऱ्याला त्याच्या नावाने हाक मारत नाही. तुम्हाला दोन मुली झाल्या. एक नदीने नेली. दुसरीला तुम्ही रोज थोडं थोडं पुसून टाकता आहात."

व्यापाऱ्याने खाली बसून पट्ट्याची गाठ सोडली. आतला हात काडीसारखा झाला होता.

नदीकाठी पाणी सोडताना तो लहान मुलासारखा हंबरडा फोडून रडला. मुलगी लांबून पाहत होती. तिने आईला विचारलं, "ती कशी होती गं?"

परतताना शिष्य म्हणाला, "आचार्य, मी तर एक नवा जीव दिला. यात पाप ते कुठलं?"

"नवा जीव दिलास, यात पाप नाही. तो दुसऱ्याच्या नावे दिलास."

पुढे मुलीचं नाव शाल्मली ठेवलं. पण त्या नावाने कुणी हाक मारली, की कुणाला बोलावलं हे पाहायला ती मागे वळे. शिष्य अधूनमधून तिथे जाई आणि ओसरीवर मुकाट बसून राही. आपल्या हातून काय झालं, हे आता त्याला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.