अनोळखी नंबर

आमच्या फेट्यांच्या जाहिरातीला हजारभर लाइक होते, पण दुकानात कुणी फिरकत नव्हतं; तेच मला पहिल्यांदा खटकलं. मला ऑनलाइन मार्केटिंगची मॅनेजर करा, असं मी म्हणताच चिंचणीकरशेठ गरजले, "आधी गिऱ्हाईक आण! आत्ता, इथे बसून!"

मी दचकून खुर्चीला धडकले. जाहिरातीत हट्टानं स्वतःचा नंबर टाकायला लावणारे हेच. मी माझ्या मोबाइलवरून तो लावला. टेबलावरचा मोबाइल वाजला. शेठनी फोन कापला. त्यांनी माझा नंबर सेव्ह करावा इतकी मी थोडीच मोठी!

"अनोळखी नंबर मी उचलत नसतो," ते ऐटीत म्हणाले.

"शेठ, नवं गिऱ्हाईक अनोळखीच असतं हो," मी कशीबशी म्हणाले आणि पुन्हा फोन लावला.

शेठ वाजणाऱ्या मोबाइलकडे बघत राहिले. मग घसा खाकरून त्यांनी तो उचलला.

"बोला, मॅनेजरबाई."