मधल्या रांगेतला उजेड

एका शहराच्या टोकाला एक नवी हिरवी कचेरी होती. गच्चीवर बाग होती, आत भिंती नव्हत्या आणि दिवे आपले आपण चालत. खिडकीशी ऊन आलं की छतावरचे सगळे दिवे मंद होत. कचेरीचे प्रमुख सदानंद बेलवलकर यांना याचं फार कौतुक. वीज वाचवल्याबद्दल मिळालेली ढाल ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. त्यांची स्वतःची खुर्ची खिडकीशी होती.

मधल्या रांगेत कुमुद इंगवले बसे. जुन्या कागदी नकाशांवरचे बारीक आकडे ती संगणकात भरत असे. अलीकडे तिच्या चुका वाढल्या होत्या, आणि त्याही नेमक्या दुपारच्या.

"कुमुदताईंचा डबा जड असतो, मग दुपारी झोप येते," खिडकीजवळ बसणारा पराग म्हणाला. सगळे हसले. कुमुद खाली मान घालून काम करत राहिली.

महिनाअखेर तिला कामावरून कमी करायचं, असं सदानंदांनी ठरवलं. पण तिचं काम एकदा चाळताना ते थबकले. आभाळ भरून आलेल्या दिवशी तिची एकही चूक नव्हती. चुका होत्या त्या लख्ख उन्हाच्या दुपारी. हे कसं काय? झोप काय आभाळ बघून येते?

त्यांना चैन पडेना. भर दुपारी ते मधल्या रांगेत गेले.

"कुमुद, जरा ऊठ. मला बसू दे तुझ्या जागी."

ते बसले. समोर नकाशा होता. पुसट शाईतला एक कुठला आणि नऊ कुठला, काही कळेना. त्यांनी वर पाहिलं. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून छतावरचे दिवे मिणमिणत होते. आणि ते ऊन मधल्या रांगेपर्यंत पोचतच नव्हतं.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, सर. तुम्ही म्हणालात, मला तर छान दिसतंय."

सदानंद खुर्चीतून उठले. तिला काढायचा विचार त्यांनी तिथेच सोडला. आठवड्याभरात प्रत्येक टेबलावर एक छोटा दिवा आला. बटण ज्याचं त्याच्या हाती.

"सर, लोक दिवसभर दिवे जाळतील. आपली ढाल जाईल," पराग कुरकुरला.

"गेली तर गेली."

पण झालं भलतंच. ज्याला हवा त्यानेच दिवा लावला, आणि उठताना आठवणीने बंद केला. छतावरचे निम्मे दिवे लावायची गरजच उरली नाही. वीज उलट कमी लागली. भर उन्हाच्या दुपारीही कुमुदचे आकडे बिनचूक येऊ लागले.

मग एक दिवस कोपऱ्यातले वसंतराव हळूच म्हणाले, "सर, माझ्या डोक्यावरचा मोठा दिवा काढला तर बरं होईल. त्याने डोकं दुखतं."

"आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नव्हतं."

त्यानंतर दर आठवड्याला एक दुपार सदानंद दर वेळी वेगळ्या कुणाच्या तरी खुर्चीत बसू लागले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्याआधी त्याच्या जागी बसून पाहावं, आणि ज्याला उजेड हवा, बटण त्याच्याच हाती द्यावं.