नारळ फ्रेमवर

आमच्या सायकल क्लबचे अध्यक्ष खांबेटेसर यांचं वय वाढलं, अक्कल तिथेच राहिली. दसऱ्याच्या पूजेत आपली नवी कार्बनची सायकल मिरवत ते दूधवाल्या सर्जेरावांना म्हणाले, “उद्याच्या घाटाच्या शर्यतीत तुमचं लोखंड नको. माझी फ्रेम पोलादापेक्षा मजबूत आहे.”

सर्जेरावांनी त्या शर्यतीसाठी वर्षभर घाम गाळला होता. ते म्हणाले, “मग पूजेचा नारळ फ्रेमवरच फोडू. जी टिकेल ती शर्यतीत.” त्यांनी खाडकन आपल्या सायकलीवर नारळ फोडला. नळीला नुसता पोचा आला.

सर आपल्या सायकलीच्या आडवे आले. “अहो, हिला आतून तडा गेला तर बाहेरून कळतसुद्धा नाही!”

“बरं झालं सांगितलंत. घाट उतरताना तुमच्या मागे नको. माझं नाव पुढेच लिहा.”