सहाव्या खुर्चीची पाठ

सकाळी साडेदहा. पाटवडी बंदराचं सार्वजनिक वाचनालय. वाकवलेल्या लाकडाच्या सहा खुर्च्या, वर पितळी पाटी: ‘सहाही खुर्च्या ऑस्ट्रियाहून आणलेल्या.’ पाहुण्यांनी आधी पाटीचाच फोटो काढला आणि निवृत्त ग्रंथपाल अच्युत कोचरेकरांच्या कपाळाला आठी पडली. वर्षानुवर्षं हेच.

“पाटी राहू द्या. ऐका,” ते म्हणाले.

असं सांगतात, शंभरेक वर्षांपूर्वी या खुर्च्या सुट्या भागांत, एकाच पेटीतून गलबतानं आल्या. स्क्रू पिळले की खुर्ची उभी. पाच उभ्या राहिल्या. सहावीची पाठ वाटेत मोडली होती. पाठ आणि मागचे पाय मिळून एकच अखंड काठी, कमानीसारखी वळवलेली. “हे आपल्याकडे कुणाला जमायचं नाही. दोन तुकडे जोडा,” वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले. होड्या बांधणाऱ्या विसू मेस्त्रीला ते लागलं. त्यानं तिथंच शब्द दिला म्हणे: अखंड काठी वाकेपर्यंत मी बसणार नाही.

होडीच्या फळीसारखी त्यानं काठी विस्तवावर धरली, पाणी मारलं. साग, फणस, आईन, सगळ्या काठ्या बाहेरच्या अंगानं फाटल्या. महिना गेला. पाय सुजले. जेवणही उभ्यानं.

“बसान जेवा. खुर्ची काय पळान जाता?” बायको भागरथी वैतागली.

“आधी ह्या वाकांदे.”

“त्या वाकाच्या आधी तुम्हीच मोडतलात.”

उकड्या तांदळासाठी ती भात उकडत होती. रागाच्या भरात तिनं काठी त्याच हंड्यावर, वाफेत ठेवून दिली. दिवसभरात काठी मऊ झाली. मेस्त्रीनं पिंपाची लोखंडी पट्टी तिच्या बाहेरच्या अंगाला आवळून बांधली आणि वाकवली. फाटली नाही.

खुर्ची सभेत आली. मेस्त्री बसणार तेवढ्यात अध्यक्षच तिच्यात बसले. “मजबूत आहे,” म्हणाले आणि कामकाज सुरू केलं. मेस्त्री भिंतीशी उभाच.

तेव्हा दारातून भागरथी आत आली, म्हणे. “उठा,” ती अध्यक्षांना म्हणाली. “ते अजून उभेच आसत.”

अध्यक्ष उठले. त्यांच्यामागे सगळी सभा उठली. मग मेस्त्री बसला.

आजही वार्षिक सभेत मेस्त्र्यांच्या घरचं कुणी सहाव्या खुर्चीत बसल्याशिवाय बाकीचे बसत नाहीत. बसतात ते त्या पाटीखालीच.

कोचरेकरांनी खुर्च्या एकेक करून उलट्या केल्या. सहाही बैठकींखाली परदेशी कारखान्याचा छाप. सहावीच्या पाठीवर मात्र बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टीचा काळा व्रण. पाटी बदला म्हणून त्यांनी अकरा अर्ज दिले आहेत. ती कुणाच्या हुकमानं लागली, हे प्रत्येक अर्जात विचारलं आहे. उत्तर एकाचंही आलेलं नाही.