घड्याळाची कळ

मैथिली नावाची एक मुलगी बुद्धिबळ फार चांगले खेळे. तालुक्यात तिला हरवणारे कोणी नव्हते. पण पटावर बसली की समोरची मुलगी लबाडी करते आहे, असे तिला हटकून वाटे.

जिल्ह्याच्या मुलींच्या स्पर्धेत तिचा शेवटचा डाव शेवंताशी पडला. जिंकेल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. शेवंताचे वडील पटाच्या बाजूला, भिंतीजवळच्या बाकावर बसले होते.

शेवंता खेळीआधी ओठ हलवून पुटपुटे. मैथिलीने पंचांना बोलावले.

"सर, ही बोलते. तिचे वडील बघा, बाजूलाच बसलेत."

"पुढच्या खेळ्या मोजते, सर," शेवंता म्हणाली.

"मनात मोज," पंच म्हणाले. "आता तोंडातून शब्द निघाला तर डाव गेला समज."

शेवंताने ओठ मिटले.

पुढे मैथिलीची बाजू वरचढ झाली. तिने वजीर पुढे सरकवला. दोन खेळ्यांत मात होती, सुटका नव्हती. खेळी झाली की घड्याळाची कळ दाबायची, तेव्हा आपला वेळ थांबतो. मैथिलीचे लक्ष शेवंताच्या डोळ्यांवर होते. कळ दाबायची राहिली.

शेवंताने घड्याळाकडे पाहिले. मग मैथिलीकडे. पुन्हा घड्याळाकडे. घड्याळाच्या मागे, त्याच रेषेत, तिचे वडील चष्मा पुसत होते.

चष्मा पुसला म्हणजे घोडा हलव, मैथिलीने ठरवून टाकले. ती त्यांच्यावर नजर रोखून बसली. शेवंताने हळूच बोट घड्याळाकडे केले. आता हाताने खुणा चालल्या, मैथिली मनात म्हणाली. तिने बाकावरची नजर हलवली नाही.

मैथिलीची उरलेली चार मिनिटे अशीच गेली. पंच टेबलापाशी आले.

"मैथिली, तुझा वेळ संपला. डाव शेवंताचा."

"पण माझी खेळी कधीच झाली होती."

"कळ कुठे दाबलीस?"

मैथिली शेवंतावर उसळली. "दिसत होतं तर सांगायचं नाहीस?"

"बोलायला बंदी तूच करवलीस ना गं," शेवंता म्हणाली. "डोळ्यांनी सांगितलं. बोटानं सांगितलं. तू आमच्या अण्णांचा चष्मा बघत बसलीस."

शेवंता राज्याला गेली. मैथिलीचा वजीर जिंकायच्या घरात तसाच उभा राहिला.

तात्पर्य: ज्याला जो तो लबाड वाटतो, त्याला स्वतःची चूक दिसत नाही, आणि कोणी दाखवली, तर त्यातही त्याला लबाडीच दिसते.